नवसागर आणि चुन्याच्या दोन गोणी

आमच्या सानपाड्याच्या सोसायटीत नवीन कोणी राहायला आलं आणि "तुम्ही कुठे होता?" असं विचारलं, की मी सांगते, "नवसागर बनवत होते." त्यावर तीन प्रकारची उत्तरं मिळतात. पन्नाशीच्या पुढचे लोक म्हणतात, "कल्हईवाले वापरायचे ते?" पुरुष, बायको जवळ नसेल तर आवाज खाली आणून म्हणतात, "हातभट्टीत घालतात ते?" आणि तरुण मुलं "ओके" म्हणून मोबाइलकडे बघतात. तिन्ही उत्तरांची मला एकतीस वर्षांची सवय आहे. गेल्या वर्षी निवृत्त झाले. आता वेळ आहे, म्हणून या पदार्थाबद्दल नीट सांगते. सांगता सांगता एक कबुलीही द्यायची आहे. ती मी एकदा दिलेली आहे, पण फक्त अठरा लोकांसमोर.

नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. दिसायला मिठासारखं, चव खारट आणि मग कडवट. पाण्यात टाकलं की पाणी गार पडतं. त्याची दुसरी खोड अशी की तापवलं तर ते मेणासारखं वितळत नाही. सरळ पांढरा धूर होऊन उठतं आणि तो धूर गार जागी टेकला की परत नवसागर होऊन बसतो. तापलेल्या धातूवरचा गंज आणि मळ ते खाऊन टाकतं, म्हणून कल्हईत लागतं. त्याच गुणामुळे विजेचे खांब, रस्त्याकडेचे कठडे, छपराचे पत्रे वितळलेल्या जस्तात बुडवण्याआधी त्यांना नवसागराची आंघोळ घालतात. जुन्या पद्धतीच्या टॉर्चच्या सेलमध्ये ते असतं, खतात असतं, आणि खोकल्याच्या औषधात कफ सुटायला असतं. म्हणजे एकच पदार्थ गॅल्व्हनायझिंगवाल्यालाही लागतो आणि तुमच्या नातवालाही. फरक शुद्धतेचा. तो फरक मोजणं हे माझं काम होतं.

आमचा कारखाना रबाळे एमआयडीसीत होता. लहानच, मालकासकट वीस माणसं. बाहेरून साधा नवसागर आणायचा, गरम पाण्यात विरघळवायचा, गाळायचा, हळूहळू गार करून स्वच्छ स्फटिक पाडायचे, वाळवायचे आणि गोण्या भरायच्या. मालक मोघेसाहेब स्वतः केमिकल इंजिनियर. ते हसत नसत. मला आधी वाटलं माझ्यावर रागावले आहेत. मग कळलं, ते कोणावरच रागावत नसत, फक्त हसत नसत.

मी दहिवडीची. आमच्या घरात माझ्याआधी दहावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. वडील, म्हणजे आण्णा, तुर्भ्याच्या मार्केटात माथाडी. गावाकडच्या बारा माणसांबरोबर एका गाळ्यात राहायचे आणि कांदा-बटाट्याची पोती वाहायचे. त्या पोत्यांवर मी साताऱ्याला राहून बी.एस्सी. झाले. निकाल लागला तेव्हा आण्णांनी गुणपत्रिका पाठीवरच्या गोणपाटाच्या आत, सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि आठवडाभर मार्केटात दाखवत हिंडले. ती परत आली तेव्हा तिला कांद्याचा वास होता. अजून आहे.

त्यामुळे मला नोकरी लागल्यावर मी एक गोष्ट केली. कारखान्यात प्रत्येक वस्तू गोदामातून किंवा बाजारातून आणायची तर चिठ्ठी लिहावी लागे. खाली सही. मी प्रत्येक चिठ्ठीवर सही करायची: सुनीता कदम, बी.एस्सी. दोन झाडू मागवायचे असले तरी बी.एस्सी. कोणी हसलं नाही. निदान माझ्यासमोर तरी नाही.

गोदाम हिराजीनानांकडे होतं. नाना घणसोली गावचे आगरी. त्यांच्या वाडवडिलांचा धंदा खाडीकाठच्या मिठागरांचा. जमिनी गेल्या, मिठागरं बंद पडली, गावाभोवती नवं शहर उभं राहिलं. नानांनी आपल्या घरावर दोन मजले चढवले आणि खोल्या भाड्याने दिल्या. त्यांना नोकरीची गरज नव्हती. पण मोघेसाहेबांनी कारखाना काढला तेव्हा नाना स्वतः फाटकाशी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "तुमी मीठ करताव असं आयकला."

साहेब म्हणाले, "हे खायचं मीठ नाही."

"खायाचा नसला तरी मीठच ना. त्याला सांभालाया मानूस लागतो."

नानांना लिहिता-वाचता येत नव्हतं. पण गोणीत हात घातला की ओल किती आहे ते सांगत. मी तेच ओव्हनमध्ये तीन तास वाळवून, दोनदा वजन करून सांगत असे. आमचा आकडा बहुधा जुळे. जुळला नाही तर मी पुन्हा वजन करी.

नवसागराची मोठी अडचण म्हणजे तो हवेतली ओल घेतो आणि गोणीतल्या गोणीत दगड होतो. पावसाळ्यात खाडीकाठच्या हवेत तर विचारूच नका. नानांची थप्पी मात्र जुलैतसुद्धा मोकळी राही. ते खाली भाताचा तूस पसरत, त्यावर फळ्या, त्यावर गोण्या. भिंतीपासून एक हात लांब, मधे चालायला वाट, आणि वरून उतरती ताडपत्री, मिठाची रास पेंढ्याने शाकारतात तशी. मी विचारलं, "भिंतीपासून लांब का?" नाना म्हणाले, "भिंत घाम टाकते."

आमच्याकडे गिऱ्हाइकंही बघण्यासारखी यायची. तुर्भे स्टोअरच्या वस्तीतून एक म्हातारे कल्हईवाले महिन्याला किलोभर नवसागर न्यायला यायचे. ते मालावर विश्वास ठेवत नसत. सोबत आणलेली लोखंडी पळी आमच्याच बॉयलरजवळ तापवायचे, चिमूटभर नवसागर टाकायचे आणि धूर बघायचे. सगळा उडाला, मागे काही उरलं नाही, तर माल चांगला. हीच परीक्षा मी मुशीत माल जाळून, मागे उरलेली राख वजन करून करत असे. मला चार तास लागत, त्यांना चार सेकंद. आमचा निकाल कधी वेगळा आला नाही.

एकदा पांढऱ्या कपड्यातला एक माणूस दोन गोण्या मागायला आला. नानांनी विचारलं, "कनाला पायजे?"

"कल्हई करायचीये."

"किती भांडी हायेत?"

तो जरा गडबडला. "असतील वीस-पंचवीस."

"दोन गोनींत पुऱ्या ठाने जिल्ह्याची भांडी उजलतील," नाना म्हणाले. "तुमी एक पुडी न्या. बाकीची भट्टी दुसरीकरं लावा."

माझी नोकरी पहिले सहा महिने कच्ची होती. जूनमध्ये लागले, डिसेंबरात पक्की व्हायची. राहायला नानांच्याच घराच्या दुसऱ्या मजल्यावर एक खोली मिळाली. खाली नाना आणि काकी. काकींना मी मासे खात नाही हे पटत नव्हतं. त्या रोज संध्याकाळी जिन्यात वाटी घेऊन उभ्या. "खा गो बाय. सातारला काय दगरं खाताव का तुमी?" तीन महिन्यांत मी मासे खायला लागले.

आता चुन्याचं सांगते.

त्या वर्षी एका औषध कंपनीने आमचा शुद्ध नवसागर खोकल्याच्या औषधासाठी घ्यायची तयारी दाखवली. आमच्यासारख्या लहान कारखान्याला ती फार मोठी गोष्ट होती. त्यांचे खरेदी अधिकारी कारखाना बघायला येणार होते. साहेबांनी त्यांना दसऱ्याचाच दिवस दिला. त्या दिवशी सगळं धुऊन-पुसून, यंत्रांची पूजा होऊन चकचकीत असतं हा विचार.

दोन दिवस आधी मी गोदामात फेरी मारली. पावसाळा नुकताच संपलेला. एका कोपऱ्यात फरशीला ओल होती आणि फाटक्या गोण्यांतून सांडलेला नवसागर तिच्यात चिखल होऊन बसला होता. नाना म्हणाले, दोन दिवस दार उघडं ठेवलं, खराट्याने घासलं की सुकेल. मला दोन दिवस थांबवेना. मी म्हटलं, "कळीचा चुना टाकू. चुना ओल शोषून घेतो."

नाना म्हणाले, "चुना नको, मॅडम. मिठाजवल चुना ठेवत नाय आमी."

"का?"

"का ते म्हाईत नाय. ठेवत नाय."

मी म्हटलं, "नाना, हे शास्त्र आहे. याची आकृती काढलीये मी."

इथे वाचकांना थोडं शाळेत न्यावं लागेल. विज्ञानाच्या पुस्तकात अमोनिया वायू तयार करण्याची एक आकृती असते. डाव्या बाजूला चंबू, मधे उभा काचेचा मनोरा, उजवीकडे उपडी बरणी. मनोऱ्यात कळीचा चुना भरलेला. अमोनिया त्यातून गेला की त्यातली ओल चुना घेतो आणि कोरडा वायू बरणीत जमतो. ही आकृती मी इतकी छान काढायची की आमच्या सरांनी ती वर्गात भिंतीवर लावली होती. चुना ओल घेतो हे मला त्या मनोऱ्यामुळे पक्कं ठाऊक होतं. चंबूत काय असतं ते मात्र त्या दिवशी आठवलं नाही. चंबूत असतात नवसागर आणि चुना. त्यांच्यापासूनच अमोनिया होतो.

मी चिठ्ठी लिहिली: चुना, दोन गोणी, गोदामाच्या फरशीसाठी. सुनीता कदम, बी.एस्सी.

नानांनी चिठ्ठी हातात धरून थोडा वेळ बघितली. मग माणूस पाठवून चुना आणला आणि मी सांगितलं तसा पसरला. संध्याकाळी शटर ओढून घेतलं. दुसरा दिवस खंडेनवमीचा, बाहेरची रंगरंगोटी होती, गोदाम बंदच राहिलं.

दसऱ्याला सगळे नवे कपडे घालून आले. भटजी आले, खरेदी अधिकारी आले, काकी पूजेचं ताट घेऊन आल्या. यंत्रं झाली, बॉयलर झाला, शेवटी गोदामातला वजनकाटा राहिला. नानांनी शटर वर केलं.

अमोनियाचं वर्णन करत नाही. ज्यांनी कधी तो हुंगला असेल त्यांना कळेल. पहिल्यांदा डोळ्यांतून पाणी आलं, मग खोकला. पण पूजा अर्धवट सोडायची कशी, म्हणून नानांनी उपरण्याने पदरासारखं नाक झाकलं आणि घाईघाईने काट्यावर ओल्या हळदीची पाच बोटं ओढली. ती आमच्या देखत तांबडी झाली.

भटजी म्हणाले, "अहो नाना, कुंकू नंतर. आधी हळद."

"हलदच हाय."

"मग लाल कशी?"

नानांनी ताटात बघितलं. ताटातली ओली हळदही तांबूस व्हायला लागली होती. काकी म्हणाल्या, "आये गो!" आणि ताट खाली ठेवून देवाला हात जोडले. खरेदी अधिकाऱ्यांनी रुमालातून विचारलं, "ही तुमच्याकडची पद्धत आहे का?"

मला तेव्हा सगळं समजलं. हळद अमोनियाने तांबडी होते. हीसुद्धा शाळेतलीच परीक्षा, आणि तिचेही मला पूर्ण गुण होते.

माणसं बाहेर पळाली. साहेबांनी तोंडाला ओलं फडकं बांधून मागचं दार उघडलं, पंखे लावले. भटजींना दमा होता. त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात न्यावं लागलं. दुपारी बरे होऊन आले, पण दक्षिणा फाटकाबाहेर उभं राहून घेतली. खरेदी अधिकारी "कळवतो" म्हणून गेले.

साहेब सगळ्यांना समोर उभं करून म्हणाले, "गोदामात चुना कोणी टाकला?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं होतं. हे मी शपथेवर सांगू शकते. पण नोकरी कच्ची होती आणि मला आण्णांच्या खिशातली गुणपत्रिका दिसली. तेवढ्यात नाना म्हणाले, "मी."

"तुम्ही? चुना? मिठात?"

"मी टाकला. गोदाम माजा हाय."

मी तोंड मिटलं.

दुसऱ्या दिवसापासून नानांना फाटकावर बसवलं. काम काय, तर गाडी आली की आडवा बांबू वर करायचा. गोदाम बी.कॉम. झालेल्या एका नव्या मुलाला दिलं. मी वजनकाटा बघायला गेले. हळद परत पिवळी झाली होती. अमोनिया उडून गेला की रंग परततो. तांबड्याची खूणही राहिली नव्हती.

त्यानंतर नऊ महिने मी रोज सकाळी फाटकातून आत जायची, नाना बांबू वर करायचे आणि म्हणायचे, "या मॅडम." संध्याकाळी त्यांच्याच जिन्याने वर जायची. काकींना काही माहीत नव्हतं. नाना घरात याबद्दल बोलत नसत. काकी वाटी घेऊन उभ्या राहायच्या आणि मलाच सांगायच्या, "मिठानी कवा धोका दिला नाय त्यांना. कुनाची तरी दिष्ट लागली बग." मी म्हणायची, "हो काकी." वाटीतलं सगळं खायची. उरवलं तर त्यांनी विचारलं असतं.

डिसेंबरात नोकरी पक्की झाल्याचं पत्र मिळालं. आण्णा मार्केटातून पेढे घेऊन घणसोलीला आले. नानांच्या पुढ्यात खोका धरून म्हणाले, "तुमच्या आधाराने पोरगी उभी राहिली." नानांनी एक पेढा खाल्ला. मग दुसरा घेतला. म्हणाले, "चांगली हाय तुमची पोर. आकृत्या काढते म्हनं." ते टोमणा मारत होते की नव्हते, हे मला आजही सांगता येत नाही.

औषध कंपनीने जूनच्या अखेरीस कळवलं: एक संधी देतो, पाच टन माल ऑगस्टमध्ये पाठवा, पण मोकळा हवा, गोणी फोडली की वाळूसारखा पडला पाहिजे. माल तयार होता. मी स्वतः तपासला होता, शुद्धतेला तोड नव्हती. फक्त तो नव्या मुलाने लावला होता. भिंतीला टेकवून, खाली फळी नाही, तूस नाही. त्याचं म्हणणं, जागा वाचते. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही थप्पी उतरवायला गेलो तर गोण्या उतरेनात. गोण्या नव्हत्याच, भिंत झाली होती. चार माणसं लाकडी मोगऱ्यांनी ती फोडायला लागली. तो ठोक ठोक आवाज माझ्या प्रयोगशाळेत येत होता आणि फाटकावरही जात असणार.

तिसऱ्या दिवशी मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. बसले नाही. म्हटलं, "सर, दसऱ्याआधी चुना मी टाकायला सांगितला होता. नाना नको म्हणत होते."

साहेबांनी खण उघडला आणि एक कागद टेबलावर ठेवला. चुना, दोन गोणी, गोदामाच्या फरशीसाठी. सुनीता कदम, बी.एस्सी.

"दुकानदाराने बिलासोबत जोडली होती," साहेब म्हणाले. "दसऱ्यानंतर चार दिवसांनी आली."

मी म्हटलं, "मग सर, हे कळल्यावरही नानांना फाटकावरच का ठेवलंत?"

"ते खोटं बोलले म्हणून. गोदामाच्या माणसाने खोटं बोलून चालत नाही."

"आणि मला पक्कं का केलंत?"

"तू खोटं बोलली नाहीस. तू गप्प बसलीस. त्याला काय करायचं असतं ते मला ठरवता येईना." त्यांनी चिठ्ठी परत खणात टाकली. "आणि तुझे रिपोर्ट बरोबर असतात. पण हे मला सांगून उपयोग नाही. मला माहीत होतं. ज्यांना माहीत नाही त्यांना सांग."

चहाच्या सुट्टीत मी शेडमध्ये उभी राहिले. नानांसह अठरा माणसं होती. मी चंबूपासून सुरुवात केली, कारण त्याशिवाय समजलं नसतं. मनोरा सांगितला, चिठ्ठी सांगितली, नानांनी नको म्हटलेलं सांगितलं. शेवटी म्हटलं, "चूक माझी होती आणि नऊ महिने मी बोलले नाही." बॉयलरवाला म्हणाला, "म्हंजे हळद मॅडमनी लाल केली." सगळे हसले.

नाना हसले नाहीत. ते उठून माझ्यासमोर आले. मला वाटलं, डोक्यावर हात ठेवतील. असं पुस्तकात वाचलेलं असतं.

"कनाला सांगितलास?" ते म्हणाले. चांगलेच चिडले होते. "माजी अक्कल काढलीस चारचौघात. आतापरत लोक बोलायचे, हिराजीची चूक झाली. चूक कोनाची पन होते. आता बोलतील, हिराजीला समजत व्हता, तरी एका पोरीच्या कागदावर नाचला. तीन पिढ्या मीठ केला आमी!"

"नाना, मग तुम्ही चुना टाकलात का?"

"मना वाटला, शिकलेली हाय. हिला म्हाईत असंल," ते म्हणाले. आणि फाटकावर निघून गेले.

साहेबांनी त्यांना गोदामात परत बोलावलं. ते आले नाहीत. निरोप पाठवला, बांबू बरा आहे, तो चिठ्ठ्या लिहीत नाही. घरी काकींना आता सगळं कळलं होतं. त्या संध्याकाळी जिन्यात वाटी नव्हती. दुसऱ्या दिवशीही नव्हती. मी वर जाऊन भात आणि लोणचं खाल्लं आणि वाटलं, हे बरोबर आहे.

मोगऱ्यांचा आवाज चालूच होता. पाचव्या दिवशी दुपारी तो अचानक थांबला. मी बघायला गेले तर नाना गोदामात उभे. फाटकावर कोणी नव्हतं, एक टेम्पो बाहेर हॉर्न वाजवत होता. नाना मोगरीवाल्याला म्हणत होते, "आरं, दगर फोरतोस का मीठ? सगला पीठ केलास. बाजूला हो." मग भिंतीकडे बघून, कोणालाच उद्देशून नाही असं म्हणाले, "याची लाज वाटाया पायजे." ते माझ्यासाठी आले नव्हते, साहेबांसाठीही नाही. त्यांच्याने तो ठोक ठोक आवाज ऐकवत नव्हता.

मग तीन आठवडे आम्ही दोघांनी काम केलं. फोडलेला माल मी परत गरम पाण्यात विरघळवला, गाळला, सावकाश गार केला. स्फटिक वाळून आले की नाना गोणीत हात घालून सांगत, "आजून दोन तास." मी ओव्हनमध्ये तपासून सांगे, "आणखी दोन तास." खाली तूस, वर फळ्या, भिंतीपासून एक हात. कामापुरतं बोलत होतो. ऑगस्टमध्ये पाच टन माल गेला. खरेदी अधिकाऱ्यांनी गोणी फोडली, माल वाळूसारखा पडला. पुढे ती कंपनी आमच्याकडून माल घेतच राहिली. तुम्हाला गेल्या काही वर्षांत खोकला झाला असेल, तर आपली ओळख आहे असं समजायला हरकत नाही.

एक गोष्ट राहिली. शेडमध्ये बोलले त्या दिवसापासून मी चिठ्ठीवर बी.एस्सी. लिहिणं बंद केलं होतं. कोणी सांगितलं नव्हतं. लिहायला गेलं की हात थांबायचा. माल गेल्यावर नाना फाटकावर परत गेलेच नाहीत, गोदामातच बसले; तिथे ऑगस्ट संपता संपता मी त्यांना पहिली चिठ्ठी पाठवली. गाळायचं कापड, चार मीटर. सुनीता कदम.

दहा मिनिटांत हेल्पर रिकाम्या हाताने परत आला. "नाना माल देत नाय म्हंतात."

"का?"

"म्हंतात, ही मॅडमची चिठ्ठी नाय."

मी चिठ्ठी घेऊन स्वतः गेले. नाना थप्पीशेजारी स्टुलावर बसले होते. मी म्हटलं, "नाना, माझीच आहे. सही बघा."

"मना वाचता येतंय का?" ते म्हणाले. चिठ्ठी घेऊन त्यांनी माझ्या नावापुढच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. "तुज्या चिठ्ठीला हितं एक शेपूट असतंय. त्याच्यावरशी मी वलखतो. याला शेपूट नाय."

"ते मी आता लिहीत नाही, नाना."

"का?"

त्यांनी चिठ्ठी माझ्या हातात परत दिली.

"तुज्या बापाने त्याच्यासाठी पाठ मोडली," नाना म्हणाले. "शेपटाबिगर माल नाय मिलनार. आनि काकी विचारीत व्हती, बोंबील खाशील का?"

मी तिथेच गोणीवर कागद ठेवला, पेन काढलं आणि शेपूट लावलं.